वारा सुटलाय? मग आत शिरा!

मार्चमधला रविवार. बॅगा भरलेल्या, सुळका ठरलेला आणि अंदाज सांगतोय, जोराचे वारे! अशा वेळी ट्रेक रद्द करायचा की रेटून न्यायचा? तिसरा रस्ताही असतो. डोंगराच्या आडोशाने आणि झाडांच्या आतून जाणारा.

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहा वाजता ऑफिसात कुणीही काम करत नसतं. स्क्रीनवर एक्सेल शीट उघडी असते, डोकं मात्र कधीच वीकेंडला पोचलेलं असतं. माझंही पोचलं होतं. थेट कलावंतीण दुर्गावर!

पनवेलजवळच्या प्रबळगडाला चिकटून उभा असलेला हा सुळका तुम्ही फोटोत तरी पाहिलाच असेल. उंची साधारण ६८६ मीटर. कातळात खोदलेल्या उंच पायऱ्या, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला हवा. कठडा वगैरे लाड नाहीत. शेवटच्या टप्प्यात तर पायऱ्याही संपतात आणि हातापायांनी चढावं लागतं. आमच्या सहा जणांच्या ग्रुपने महिनाभर आधी तारीख ठरवली होती, कारण आमच्यातली एक त्या बुधवारी नव्या नोकरीसाठी बंगळुरूला जाणार होती. (ऑर्डर आली त्या दिवसापासून सगळे तिला 'बंगळुरूवाली' म्हणत होते, म्हणून इथेही तेच.) कलावंतिणीच्या माथ्यावर फोटो काढायचा, ही तिची मुंबई सोडण्याआधीची एकमेव अट. आणि लीडर कोण? अस्मादिक!

मी हवामानाचा अंदाज उघडला आणि एक्सेल शीट बंद करायचं विसरले. रविवारी सकाळी वारा बेताचा. अकरानंतर वायव्येकडून वाढता. दुपारी झोत ताशी ४५ ते ५० किलोमीटर.

मामीचा एक प्रश्न

आता ४५ म्हणजे काय मोठंसं, एक्स्प्रेसवेवर आपण गाडीची काच खाली करून शंभरचा वारा खातोच की, असं कुणी म्हणेल. चार वर्षांपूर्वी मीही म्हटलं होतं. पुण्याजवळची एक उघडी धार, असाच मार्च महिना, बरोबर माझा मामेभाऊ. पहिलाच ट्रेक त्याचा. खालीच वारा जाणवत होता, पण एवढ्या लांब आलोय तर जाऊनच येऊ, असा माझा हट्ट. दोन टेकड्यांच्या मधल्या खिंडीत शिरलो आणि कुणीतरी दोन्ही हातांनी ढकलावं तसा झोत आला. मी खाली बसले. त्याला बसायचं सुचलं नाही. तो घसरला, हात टेकवला आणि मनगट गेलं. नशीब की घसरला तो मातीच्या बाजूला.

मनगटात प्लेट घातली. सहा महिन्यांनी तो पुन्हा बॅडमिंटन खेळायला लागला. पण हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये मामीने मला एकच विचारलं होतं, ''तुला माहीत नव्हतं का गं?'' ती रागावली असती तर बरं झालं असतं. खरं उत्तर असं होतं की माहीत होतं. अंदाज मी पाहिला होता. फक्त त्या आकड्यांचा अर्थ लावायचा कंटाळा केला होता.

तेव्हापासून अर्थ लावायला शिकले. तोच फंडा तुमच्याशी शेअर करते.

आकडा दुप्पट, धक्का चौपट

पहिली गोष्ट : वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी २० चा वारा सुखाचा असतो, केस उडतात, फोटो छान येतात. ४० चा वारा त्याच्या चौपट ढकलतो आणि ६० चा नऊपट. पाठीवर फुगलेली सॅक असेल तर तुमचं शीड झालंच म्हणून समजा.

दुसरी गोष्ट : वारा ओळखायला यंत्र लागत नाही. १८०५ मध्ये फ्रान्सिस ब्यूफोर्ट नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने वाऱ्याच्या पायऱ्या ठरवल्या. पुढे त्यांना जमिनीवरच्या खुणा जोडल्या गेल्या आणि त्या आजही चालतात. धूळ आणि कागद उडताहेत, बारीक फांद्या हलताहेत, तर वारा २० ते २८ चा. छोटी झाडं डुलायला लागली की २९ ते ३८. मोठ्या फांद्या हलताहेत आणि छत्री सांभाळणं मुश्किल, म्हणजे ३९ ते ४९. अख्खं झाड हलतंय आणि वाऱ्यासमोर चालताना त्रास होतोय, म्हणजे ५० च्या वर. बाल्कनीत उभं राहून समोरच्या गुलमोहराकडे बघितलं तरी तुमचा हवामान विभाग सुरू!

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची : अंदाजातला वेग साधारणपणे सपाट मोकळ्या जागेवरचा, जमिनीपासून १० मीटर उंचीचा असतो. डोंगराला आपटलेला वारा वर चढतो आणि धारेवरून जाताना दाटीवाटीने, जास्त वेगाने निघतो. खिंडीत तर नळाच्या तोंडावर बोट ठेवल्यासारखी गत. म्हणजे अंदाजात ४५ असेल तर सुळक्यावर ४५ च असेल, या भ्रमात राहू नका. आणि सरासरी वेगापेक्षा झोताचा आकडा बघा. पाय सुटतो तो झोताने.

मी शुक्रवारी रात्री ग्रुपवर लिहिलं : 'रविवारी कलावंतीण नको. वारा आहे. दुसरं ठिकाण सुचवते.'

पुढच्या पाच मिनिटांत काय काय झालं ते छापण्यासारखं नाही.

'मग पहाटे चारला निघू की!'

आमच्यातला जिमवाला म्हणाला, ''अरे यार, वारा अकरानंतर आहे ना? चारला निघू, नऊला खाली!'' मुद्दा बरोबर होता. मुंबई-कोकण पट्ट्यात या दिवसांत जमीन तापली की समुद्रावरून वारा आत यायला लागतो. सकाळी उशिरा सुरू होतो, दुपारी भरात येतो आणि संध्याकाळी उतरतो. त्यामुळे लवकर निघणं हा उन्हाळी ट्रेकचा पहिला नियमच आहे.

पण रविवारच्या कलावंतिणीवर तुम्ही एकटे नसता. अरुंद पायऱ्या, वर जाणारे आणि खाली येणारे एकाच रांगेत. पुढचा घाबरून थांबला की मागचे वीस जण थांबतात. आपण निघायची वेळ ठरवू शकतो, उतरायची नाही. आणि अकरा वाजता त्या पायऱ्यांवर आपल्या दोन्ही ट्रेनी मुली अडकल्या तर? दोघींचाही हा दुसराच ट्रेक होता.

जिमवाला गप्प बसला. बंगळुरूवालीचा मेसेज आला : 'ओके.' नुसतं ओके. इमोजी नाही, काही नाही. मैत्रिणीचं कोरडं 'ओके' काय असतं, हे तुम्हाला सांगायला नकोच.

वाऱ्याकडे पाठ असलेला डोंगर

शनिवारी दुपारी चहाचा कप आणि नकाशा घेऊन बसले. प्रश्न साधा होता : वारा वायव्येचा, म्हणजे वायव्येकडून येणारा. (इथे अनेकांची गफलत होते. वाऱ्याला नाव तो जिथून येतो त्या दिशेचं असतं, जिकडे जातो तिचं नाही.) मग आग्नेयेला उतरणारा असा डोंगर हवा, ज्याची पाठ वाऱ्याला अडवेल. वर झाडी हवी, तीही हिरवी. आणि समुद्रापासून जरा आत.

उत्तर नकाशावर कलावंतिणीच्या शेजारीच बसलेलं होतं. माथेरान!

हसलात ना? ग्रुपही हसला. ''माथेरान? चिक्की आणायला?'' अकाउंट्सवाला म्हणाला. पण माथेरान म्हणजे फक्त मिनी ट्रेन आणि चपलांची दुकानं नाहीत. साधारण ८०० मीटर उंचीचं हे पठार उत्तर-दक्षिण पसरलंय. लुईझा, इको, पॉर्क्युपाइन हे पॉइंट्स पश्चिमेच्या कड्यावर, म्हणजे वाऱ्याच्या थेट तोंडावर. अलेक्झांडर, रामबाग पूर्वेच्या बाजूला, वाऱ्याच्या आड. मधे जांभ्या दगडाची लाल माती आणि त्यावर सदाहरित झाडांचं छप्पर. नावातच आहे ना, माथ्यावरचं रान! २००३ पासून हा सगळा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे आणि दस्तुरी नाक्याच्या पुढे पर्यटकांच्या गाड्यांना बंदी आहे.

आणि रामबाग पॉइंटला खालून, कर्जत-चौक रस्त्यावरच्या बोरगावच्या बाजूने एक जुनी पायवाट चढते. जुनी म्हणजे किती? १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकला मुक्कामी असताना वन ट्री हिलच्या बाजूने वर चढला आणि उतरताना रामबागच्या वाटेने उतरला. माथेरान 'शोधलं' म्हणून त्याचं नाव पुस्तकात आलं. वाटा मात्र स्थानिकांनी कधीच पाडून ठेवलेल्या होत्या, हे आपण आपलं समजून घ्यायचं.

म्हणजे साडेसहाशे-सातशे मीटरची खरीखुरी चढाई, बहुतेक वाट वाऱ्याच्या आड, वर सावली, जेवायची सोय आणि परत यायला दस्तुरीहून नेरळला टॅक्सी. घाम निघेल, पण पाय सुटणार नाही.

आणखी एक कारण, जे ग्रुपवर लिहिलं नव्हतं

मार्च-एप्रिलमधल्या वाऱ्याचा धोका फक्त ढकलण्यापुरता नसतो. सह्याद्रीच्या उघड्या उतारांवरचं गवत या दिवसांत कडकडीत वाळलेलं असतं. एक पेटती काडी, एक विडीचं थोटूक आणि वणवा. वारा असेल तर तो माणसाच्या धावण्याला ऐकत नाही, आणि चढावर तर आग आणखी वेगाने वर सरकते, कारण ज्वाळा वरचं गवत आधीच तापवून ठेवतात.

११ मार्च २०१८ आठवतोय? तामिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकर्सचा ग्रुप वणव्यात सापडला. रविवार होता. वाळलेलं गवत होतं, वारा होता. वीसहून अधिक जण गेले. त्यांच्यातले बरेच तुमच्या-माझ्यासारखेच होते, आठवडाभर ऑफिस आणि वीकेंडला डोंगर. त्या बातमीनंतर मी वाऱ्याच्या दिवशी गवताळ उताराचा ट्रेक काढलेला नाही. हिरव्या, ओलसर जंगलात आग लागतच नाही असं नाही, पण वाळक्या गवतासारखी ती तिथे पळत सुटत नाही.

हे मी रविवारी गाडीत बसल्यावर सांगितलं. तोपर्यंत सगळे झोपेत होते, त्यामुळे कुणी वाद घातला नाही.

कुठाय तुझा वारा?

पहाटेची कर्जत लोकल. सातच्या सुमारास कर्जत, स्टेशनबाहेर कटिंग आणि गरम वडापाव, मग रिक्षाने बोरगाव फाटा. साडेसातला चालायला लागलो तेव्हा, सांगायला लाज वाटते, झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

''कुठाय तुझा वारा?'' जिमवाला दर दहा मिनिटांनी विचारायचा. अकाउंट्सवाल्याने रुमाल हवेत धरून दाखवला. रुमाल सरळ खाली लोंबला. दोन्ही ट्रेनी हसून हसून बेजार. बंगळुरूवाली हसली नाही. ती सगळ्यात पुढे चालत होती, आणि माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकलीच. अंदाज चुकला असेल तर? हिचा शेवटचा रविवार मी उगाच चिक्कीच्या गावात नेऊन बसवला तर?

वाडीतल्या एका घरापुढे पाणी भरायला थांबलो. अंगणात बसलेल्या आजोबांना विचारलं, ''बाबा, आज वारा सुटेल का हो?'' त्यांनी माझ्याकडे न बघता डोंगराच्या माथ्याकडे बघितलं. ''सुटंल ना. पन या अंगाला न्हाय लागायचा. वर जाशीला तवा कळंल.''

चढ सुरू झाला. खालची शेतं आणि उघडी टेपाडं संपली की झाडी दाट होत जाते. पळस अजून फुलावर होता, काटेसावरीची शेवटची फुलं वाटेवर पडलेली. कुठेतरी तांबट आपली टुक-टुक न कंटाळता करत बसलेला. वर वर जाताना अंजनीची झाडं दिसायला लागली. फांद्यांना चिकटून बसलेले निळे-जांभळे फुलांचे झुपके, जणू कुणी दांडीवर शाई शिंपडली आहे. कलावंतिणीच्या कातळावर यातलं काय दिसलं असतं? पण हे मी मोठ्याने बोलले नाही. लीडरने किती बोलावं यालाही मर्यादा असते.

दहा-साडेदहाला एक चमत्कारिक गोष्ट झाली. आम्ही वाटेवर घाम पुसत उभे होतो. अंगाला वारा अजिबात नव्हता. पण वर, खूप वर, माथ्यावरच्या झाडांतून आवाज यायला लागला. आधी हलका, मग सलग. समुद्रकिनारी रात्री येतो ना, तसा.

''ट्रेन आहे का?'' एका ट्रेनीने विचारलं.

''वारा आहे,'' मी म्हटलं. जिमवाल्याने रुमाल खिशात ठेवला.

आडोसा म्हणजे फुकटची सुरक्षितता नव्हे

अकराच्या आसपास रामबाग पॉइंट. तिथून आत, झाडांखालच्या लाल वाटेने बाजाराकडे. डोक्यावरचा पाला सारखा हलत होता, पण खाली वाटेवर जेमतेम झुळूक. दाट जंगलात वाऱ्याची ताकद शेंडेच खाऊन टाकतात. चालायला इतकं सुख की आम्ही चार-पाच किलोमीटर जास्तच भटकलो.

पण इथे एक कबुली. मी सगळ्यांना एका मोठ्या झाडाच्या बुंध्याशी बसवलं होतं, संत्री सोलायला. घोडा घेऊन चाललेला एक दादा थांबला आणि म्हणाला, ''ताई, इथून उठा. वर बघा.'' वर एक जाडजूड फांदी होती, पूर्ण वाळलेली, एकही पान नाही. आम्ही उठलो. ती फांदी आमच्यादेखत पडली वगैरे काही फिल्मी झालं नाही. पण पुढच्या वळणावर तशीच एक ताजी तुटलेली फांदी वाटेवर आडवी पडलेली होती, मांडीएवढी जाड. सगळे तिच्यावरून मुकाट ओलांडून गेले.

म्हणजे मी वाऱ्याचा सगळा अभ्यास केला होता आणि हा धडा राहिलाच होता. जंगलात वारा तुम्हाला ढकलत नाही, वरून काहीतरी टाकतो. वाळकं झाड, वाळकी फांदी, कललेलं खोड, यांच्याखाली बसायचं नाही. थांबायचंच तर हिरव्या, भक्कम झाडांत, वर बघून. आणि वळवाच्या वादळाची चिन्हं असतील, म्हणजे एप्रिल-मेमध्ये दुपारी ढग काळे होऊन थंड झोत यायला लागला, तर जंगलही नको. सरळ पक्क्या छपराखाली. १३ मे २०२४ ला घाटकोपरला अशाच वादळात होर्डिंग कोसळून १७ जण गेले, ते आपण मुंबईकर विसरलेलो नाही.

दुसरी चूक छोटी, पण सगळ्यांची. वाऱ्यात घाम लगेच वाळतो, त्यामुळे आपण घामाघूम झालोय हे कळतच नाही. पाणी प्यायची आठवण होत नाही. ऊन लागतंय तेही जाणवत नाही. एकच्या सुमाराला अकाउंट्सवाल्याचं डोकं ठणकायला लागलं. त्याच्या बाटलीत निम्म्याहून जास्त पाणी तसंच होतं. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी आणि अर्धा तास सावली, मग गाडी रुळावर.

लुईझा पॉइंट, दुपारी अडीच

बाजारात पिठलं-भाकरी हाणून शार्लोट लेककडे गेलो. गावाला पाणी पुरवणारा हा तलाव, काठाला पिसारनाथाचं देऊळ, आजूबाजूला गर्द झाडी. पाण्यावर बारीक लाटा धावत होत्या. तिथून लुईझा पॉइंट हाकेच्या अंतरावर.

''कड्यापर्यंत जायचं नाही,'' मी बजावलं. ''झाडं संपतात तिथून बघायचं.''

शेवटचं झाड मागे पडलं आणि वारा तोंडावर आला. तोंडावर म्हणजे अक्षरशः. बोललेलं ऐकू येईना. बंगळुरूवालीची टोपी डोक्यावरून उडाली ती सरळ मागच्या झाडीत. एका ट्रेनीने दुसरीचा दंड घट्ट पकडला. आणि आम्ही तर सपाट, रुंद, चांगल्या जमिनीवर उभे होतो.

समोर, दरीपलीकडे, प्रबळगड होता. त्याच्या एका टोकाला इंग्रजी व्हीसारखी खाच आणि खाचेच्या बाजूला कलावंतीण. इतक्या लांबून पायऱ्या दिसत नव्हत्या, माणसं तर नाहीच. नुसता सुळका. कुणी काही बोललं नाही. जिमवाल्यानेही नाही.

कदाचित आम्ही तिथे गेलो असतो आणि काहीही झालं नसतं. त्या दिवशी तिथे गेलेली माणसं संध्याकाळी आपापल्या घरी नीट पोचलीही असतील. मला तशीच आशा आहे. चांगल्या निर्णयाची गोम अशी की तो चांगला होता हे कधीच सिद्ध होत नाही. वाईट निर्णयाची प्लेट मात्र एक्सरेमध्ये दिसते.

बंगळुरूवाली थोडा वेळ तशीच बघत राहिली. मग वळून माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली, ''टोपी शोधायला चल!''

टोपी करवंदीच्या जाळीत सापडली. काढताना दोघींचे हात ओरबाडले. परतीच्या लोकलमध्ये तिने खिडकीची जागा मला दिली. मुंबईकरांना कळेल याचा अर्थ!

डिसेंबरात ती सुट्टीला आली तेव्हा आम्ही सहाही जण कलावंतिणीवर गेलो. शनिवार, पहाटेची वेळ, आभाळ स्वच्छ, रुमाल सरळ खाली. तिचा फोटो झक्कास आला. तो मी मामीलाही पाठवला. मामीचा लगेच उलटा मेसेज : 'वारा बघून गेलीस ना गं?'

चौकट : वाऱ्याच्या रविवारचा प्लॅन

आदल्या दिवशी : अंदाजात चार गोष्टी बघा. दिशा, वेग, झोत आणि तास. हवामान विभागाचा इशारा असेल तर ट्रेकच नको. दुसरं ठिकाण शनिवारीच ठरवा आणि सगळ्यांना कारणासकट सांगा. डोंगराच्या पायथ्याशी उभं राहून प्लॅन बदलणं फार अवघड असतं.

जागा कशी निवडाल : वारा जिकडून येतो त्याच्या विरुद्ध उतार, दरीतली किंवा झाडीतली वाट. सुळके, उघड्या धारा, खिंडी, वाळक्या गवताचे उतार टाळा. अभयारण्य किंवा राखीव जंगल असेल तर वनखात्याची परवानगी आणि वेळा आधी विचारून घ्या.

वेळ : उजाडताच सुरुवात. उघडा टप्पा असलाच तर तो दहाच्या आत पार. परत फिरायची वेळ आधी ठरवा आणि पाळा.

सॅकमध्ये : माणशी किमान तीन लिटर पाणी, लिंबू-मीठ-साखर, गळपट्टी असलेली टोपी, धुळीसाठी गॉगल आणि मोठा रुमाल, पातळ विंडचीटर. सॅकबाहेर काही लोंबकळत ठेवू नका.

झोत आला तर : थांबा, खाली बसा, कड्यापासून लांब सरका. झोत गेल्यावर मगच पाऊल उचला.

धूर दिसला तर : वर पळू नका. खाली किंवा आडवं जा. उघडा कातळ, पाणी किंवा आधीच जळून गेलेली मोकळी जागा गाठा. १०१ किंवा ११२ ला फोन करा आणि जवळच्या गावाला कळवा. आणि मुळात काडी, सिगारेट, चूल यातलं काहीही पेटवू नका.

मधमाश्या : कड्यांना आग्या माश्यांची पोळी असतात. आरडाओरडा, दगड, धूर आणि उग्र परफ्यूम नको. परफ्यूम ऑफिससाठी ठेवा!